पोट आत, अर्ज परत

मीटरवाल्याने रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि सवयीप्रमाणे तो अर्धा वळलासुद्धा. मंजूरभाऊंच्या टेबलापाशी पूर्ण थांबण्याची वेळ पाणीपुरवठा कार्यालयात आजवर कुणावर आली नव्हती. अर्ज ठेवायचा, भाऊ तो न वाचता शिक्का उचलणार, 'मंजूर' असा ठप्पा पडणार, आणि ठप्प्याचा आवाज येईपर्यंत अर्जदार दारात पोचलेला असणार. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. भाऊंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं होतं.

आज ठप्प्याचा आवाज आला नाही. मीटरवाल्याने मागे वळून पाहिलं. मंजूरभाऊ खुर्चीत ताठ बसले होते. दोन्ही हात मांड्यांवर, ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी सरळ आणि नजरही सरळ, म्हणजे थेट मीटरवाल्याच्या तोंडावर. चेहरा हळूहळू लाल होत चालला होता.

"सासूबाई आजारी आहेत," मीटरवाला म्हणाला. अर्जात तेच लिहिलं होतं.

भाऊंचा चेहरा आणखी लाल झाला.

"म्हणजे तशा फार नाहीत. जरा कणकण होती."

भाऊंच्या कपाळावरची शीर टरारली.

"काल बाजारात गेल्या होत्या म्हणा. माझ्याबरोबरच गेल्या होत्या." मीटरवाल्याने हळूच अर्ज उचलला आणि घडी करून खिशात घातला. "राहू द्या, भाऊ. येतो मी उद्या कामावर. साहेबांच्या कानावर तेवढं घालू नका."

तो गेला. मंजूरभाऊंनी सुस्कारा सोडला, पुटपुटत "दहा" म्हटलं आणि टेबलावर पाहिलं तर अर्जच नाही. "अरे, अर्ज कुठे नेलास?" त्यांनी हाक मारली, पण मीटरवाला तोवर रस्त्यावर पोचला होता.

आता यात काळंबेरं काही होतं का? काडीचंही नव्हतं. मंजूरभाऊ पोटाचा व्यायाम करत होते.

त्याचं असं झालं की महिन्यापूर्वी शिक्का टेबलाखाली पडला. तो उचलायला भाऊ वाकले आणि तसेच राहिले. ड्रायव्हर आणि नकाशेकाका यांनी त्यांना उचललं, पण सरळ काही करता आलं नाही, म्हणून वाकलेल्या अवस्थेतच बाकावर नेऊन ठेवलं. पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढणाऱ्या काकांनी तर जाताजाता, "काटकोन आहे, नव्वद अंश," असंही सांगितलं. आठवडाभर ऑफिस हसत होतं. समोरच्या टेबलावरचे जावकराव रोज सकाळी "सरळ आलास की घडी घालून?" असं विचारायला लागले.

पाठीचे व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी भाऊंना पालथं केलं, उताणं केलं, पोटावर दोन बोटं दाबली आणि म्हणाल्या, "पाठीला काही झालेलं नाही. तुमचं पोट काम करत नाही, म्हणून बिचारी पाठ दोघांचं काम करते."

"मग रोज पन्नास उठाबशा काढू का? झोपून उठायच्या असतात त्या?"

"त्या काढल्यात तर मान धरेल, मग मानेसाठी परत याल. वरवरचे स्नायू नकोत आपल्याला. आतला पट्टा जागा करायचाय. ताठ बसा, मान सरळ, नजर समोर. बेंबी पाठीच्या कण्याकडे ओढा. दहा आकडे धरा, सोडा. असं दिवसातून दहा-बारा वेळा."

"लक्षात कसं राहणार?"

"रोजच्या एखाद्या कामाला बांधून टाका. कुणी फोन उचलला की करतं, कुणी नळ उघडला की करतं. तुम्ही दिवसातून दहा-बारा वेळा काय करता?"

मंजूरभाऊंनी विचार केला. दिवसातून दहा-बारा वेळा ते एकच गोष्ट करायचे. त्या दिवसापासून रजेचा अर्ज समोर आला की बेंबी कण्याला चिकटवायची, हे ठरून गेलं. हे कुणाला सांगायचं नाही, हेही त्यांनी ठरवलं. काटकोनावर आठवडा गेला होता. बेंबीवर वर्ष गेलं असतं, आणि ते वर्ष एकट्या जावकरावांनी सांभाळलं असतं.

हे जावकराव म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांवर जावक क्रमांक टाकणारे कारकून. भाऊंच्या समोरच्या टेबलावर वीस वर्षं बसत होते. पाऊण तासाच्या सुट्टीत दोघं टेबलं जोडायचे, डबे उघडायचे, एकमेकांच्या भाज्यांना नावं ठेवायचे आणि एकमेकांच्याच भाज्या खायचे. जावकराव रोज एक हकीकत सांगायचे, ती निम्मी खोटी असायची, आणि भाऊंना कुठली निम्मी ते ठाऊक असायचं. बाकी भाऊंच्या दिवसात ठप्पे होते. मौज म्हणावी अशी ती पाऊण तासाचीच, आणि ती गेली तर या नोकरीत आपलं काय राहिलं हे त्यांना सांगता आलं नसतं.

मीटरवाल्याच्या मागून टंकलेखिकाबाई आल्या. दाढ काढायची म्हणून एक दिवसाची रजा. भाऊंनी अर्ज घेतला, ताठ झाले, पोट आत घेतलं. चार आकड्यांत बाई अस्वस्थ झाल्या. सहाव्याला म्हणाल्या, "अक्कलदाढच आहे." आठव्याला म्हणाल्या, "हो, मार्चमध्येही अक्कलदाढच होती. आणि जूनमध्ये." दहाव्याला त्या अर्ज घेऊन गेल्या होत्या.

दुपारी धाकटे इंजिनिअर आले. त्यांना तर रजाही नको होती, सही केलेला एक जुना कागद मागायला आले होते. पण त्यांच्या हातातला कागद बघून भाऊंना तो अर्जच वाटला. इंजिनिअरसाहेबांनी सातपर्यंत दम काढला. मग खुर्ची ओढून बसले.

"भाऊ, तुम्हाला कळलंय ना? गेल्या वर्षी ज्या काकांच्या अंत्यविधीला मी गेलो, ते गेल्या महिन्यात मला भेटायला इथे आले होते. तुम्हीच त्यांना पाणी दिलंत. तेव्हापासून मला झोप नाही."

"चांगले होते काका," भाऊ श्वास सोडून म्हणाले. त्यांना खरोखरच तेवढंच आठवत होतं. इंजिनिअरसाहेबांनी त्यातूनही काय घ्यायचं ते घेतलं आणि पांढरेफटक पडून उठले.

आठवड्याभरात ऑफिसची पाचावर धारण बसली. पाण्याच्या टाकीपाशी दोघं बोलत असले आणि भाऊ आले की बोलणं बंद. भाऊंना वाटायचं, काटकोनाची चर्चा अजून चालू आहे वाटतं, म्हणून तेही जरा ताठच चालायचे. त्याने तर भीती दुप्पट झाली.

"वरून यादी आलीय," नकाशेकाका सांगत सुटले. "खोट्या रजांची. मंजूरभाऊंकडे दिलीय. ते नुसतं तोंडाकडे बघून ताडून पाहतात."

"यादी आली असती तर माझ्याकडे आधी आली असती," आवकबाई म्हणाल्या. आत येणारं प्रत्येक पत्र त्यांच्या वहीत चढायचं. "वरून येणारी चिठ्ठीसुद्धा मी नोंदवते. नोंद नाही."

"मग?"

"म्हणजे गुप्त आहे."

एवढ्यावर सगळ्यांची खात्री पटली. लोक खरी कारणं लिहायला लागले. 'कंटाळा आल्यामुळे एक दिवस.' 'घरी नवे पडदे लावले असून ते बघत बसावयाचे आहे.' 'मेहुणा येणार असल्याने घरी न सापडण्यासाठी.' असा अर्ज आला तरी भाऊ पोट आत घ्यायचेच, व्यायाम तो व्यायाम. मग पडदेवाला घाम पुसत म्हणायचा, "निळे आहेत, भाऊ. पाहिजे तर घरी येऊन बघा."

आणि मग अर्ज येणंच थांबलं. बाराचे सहा झाले, सहाचे दोन. मंजूरभाऊ अडचणीत आले, कारण डॉक्टरीणबाईंनी दहा-बारा वेळा सांगितलं होतं. उरलेले आठ-दहा कुठेतरी भरून काढणं भाग होतं. त्यांनी एक डब्याच्या वेळी आणि बाकीचे घरी अशी विभागणी केली, आणि इथेच घात झाला.

घरी बायकोने चहाचा कप पुढे केला. भाऊ ताठ झाले, नजर समोर.

"काय बघताय?" बायको म्हणाली.

तीन. चार.

"अहो, तो हिरवा स्वेटर ना? दिला मी. भांडी घासणाऱ्या बाईंच्या नवऱ्याला. तुम्हाला तो शोभत नव्हता."

सहा. सात.

"आणि तुमच्या बहिणीला फोनवर मीच सांगितलं की तुम्ही बाहेर गेलाय. तुम्ही शेजारी बसला होतात. आता झालं का समाधान?"

भाऊंचा चहा निवून गेला. स्वेटरचं त्यांना दुःख नव्हतं. त्यांना पहिल्यांदाच असं वाटलं की आपल्या आजूबाजूला बरंच काही चालतं आणि आपण बावीस वर्षं नुसते ठप्पे मारत बसलो. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात शिरले ते एकेकाकडे निरखून बघतच. दरवान हसला. हा का हसला, भाऊंना प्रश्न पडला. आवकबाई हसल्या नाहीत. त्या का हसल्या नाहीत, हाही पडला.

त्याच दिवशी डब्याच्या वेळी जावकराव एक हकीकत सांगत होते. त्यांनी म्हणे बसमध्ये एका पाकीटमाराचा हात खिशातच पकडला होता आणि नंतर तो त्यांचा शाळासोबती निघाला होता. एरवी भाऊंनी "हात पकडला ते खोटं, की शाळासोबती ते?" असं विचारलं असतं आणि दोघं हसले असते. पण डब्याच्या वाट्याचा व्यायाम राहिला होता. भाऊंनी पोट आत घेतलं आणि नजर समोर लावली. समोर जावकराव होते.

जावकराव बोलता बोलता थांबले. हातातला घास त्यांनी डब्यात ठेवला.

"माझ्याकडेसुद्धा?" ते म्हणाले. "सगळे सांगत होते, मी त्यांना वेड्यात काढत होतो. म्हटलं, तो माझ्याकडे तसा बघणार नाही."

भाऊंना बोलायचं होतं. पण सात झाले होते, छाती फुगली होती, आणि आठ-नऊ-दहा होईपर्यंत जावकराव डबा बंद करून निघून गेले. मागून जाऊन 'अरे, मी बेंबी ओढत होतो' असं सांगणं काही भाऊंच्याने झालं नाही. संध्याकाळपर्यंत तर सांगायची वेळच टळली, कारण आता त्यांच्या मनात वेगळंच आलं होतं. निर्दोष माणूस असा उठून का जाईल?

पंधरा दिवस दोन टेबलं जोडली गेली नाहीत. डब्याची वेळ झाली की जावकराव डबा घेऊन पंपघराकडे जायचे आणि पाऊण तासाने यायचे. भाऊ एकटे जेवायचे. भाजी बरी झाली होती की वाईट, ते सांगायला कुणी नव्हतं, त्यामुळे ती कशीही लागत नव्हती.

मध्येच डॉक्टरीणबाईंकडे जायची वेळ आली. भाऊंनी मोठ्या विश्वासाने व्यायाम करून दाखवला. बाईंनी कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला बोटं टेकवली, थांबल्या, भाऊंचा चेहरा बघितला.

"श्वास कुठंय?"

"धरलाय," भाऊ दातांतून म्हणाले.

"कशाला?"

"दहा आकडे धरायला तुम्हीच सांगितलंत."

"पोट धरायला सांगितलं होतं. श्वास चालू ठेवायचा. दम कोंडून पोट आत नेतात ते फोटो काढताना. इथे आत काहीच होत नाहीये, बोटाला कळतंय मला. व्यायाम बरोबर चाललाय की नाही हे ओळखायची साधी खूण आहे, तो करता करता गप्पा मारता आल्या पाहिजेत." बाईंनी हात पुसले. "पाठ थोडी बरी वाटतेय ती नुसती ताठ बसल्यामुळे. सहा आठवडे तुम्ही फक्त चेहरा कमावलात."

मग त्यांनी भाऊंना उताणं झोपवलं आणि उलट्या पडलेल्या झुरळासारखे हातपाय वर करून एकेक हळूहळू खाली न्यायला लावले, तेही बोलत बोलत. भाऊ बोलत होते आणि बेंबीच्या खाली कुठेतरी, जिथे आपल्याला काही आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं, तिथे काहीतरी थरथरत होतं. चार वेळांत त्यांना घाम फुटला. बाई म्हणाल्या, "हा व्यायाम."

दुसऱ्या दिवशी अर्ज आला तेव्हा भाऊंनी बरोबर पद्धत वापरली. पोट आत, श्वास चालू, गप्पा चालू. "काय, कसं काय? उद्या रजा का? बरं बरं." ड्रायव्हरच्या पायात काटा मोडला होता, तो एका पायावरून दुसऱ्या पायावर, मग पुन्हा पहिल्यावर लंगडत रजा घेऊन गेला. दाराबाहेर गेल्यावर दोन्ही पायांनी जिना उतरल्याचा आवाज आला.

तेव्हा भाऊंच्या डोक्यात प्रकाश पडला. लोक यादीला भीत नव्हते, नकाशेकाकांच्या बातमीला भीत नव्हते. ते त्या न बोललेल्या दहा आकड्यांना भीत होते. इतके दिवस हे अजाणता झालं होतं. आता भाऊंना शस्त्र सापडलं, आणि सांगायला वाईट वाटतं, पण त्यांना ते आवडलंही.

त्यांनी रजेची जुनी रजिस्टरं काढली आणि जावकरावांची पानं बघत बसले. आणि बघता बघता ताठ झाले, व्यायामाशिवाय. एकोणीस वर्षं, दरवर्षी, नोव्हेंबरात एक दिवस रजा. तारीख दर वेळी वेगळी. कधी सहा, कधी तेरा, कधी सत्तावीस. अर्ज नेहमी आदल्या दिवशी संध्याकाळी. कारण एकच, 'घरगुती'. आणि सगळ्यावर ठप्पा कुणाचा, तर आपलाच.

भाऊंनी एकोणीस तारखांची यादी केली. क्रिकेटच्या सामन्यांशी ताडून पाहिली, जमेना. वारांशी पाहिली, जमेना. दुसरी नोकरी म्हणावी तर वर्षातून एक दिवसाची नोकरी कुठली? कोर्टातला खटला म्हणावा तर तो माणूस एवढा हसतमुख राहिला नसता. दुसरं कुटुंबसुद्धा त्यांच्या मनात येऊन गेलं. पण वर्षातून एकदा आणि तेही तारीख न ठरवता भेटणारं कुटुंब त्यांना पटेना. जे असेल ते असो, माझ्यापासून लपवलं, एवढं खरं. एकोणीस वर्षं हा माणूस माझी भाजी खात होता आणि पोटात भलतंच ठेवत होता. भाऊंना राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं, पण वाईट वाटलेलं त्यांनी रागातच धरलं.

नोव्हेंबर चालूच होता. त्या दिवशी दुपारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. साहेबांसमोर आलेख होता.

"रजा ऐंशी टक्क्यांनी उतरल्यात," साहेब म्हणाले. "मी विचारणार नाही तुम्ही काय करता. मला ते कळायलाच नको. गैरहजेरी तपासायला स्वतंत्र माणूस नेमावा म्हणतोय. तुम्हीच. कोपऱ्यातली खोली देतो, दार लागतं तिचं. आत बसा, एकेकाला बोलवा."

"जेवायला बाहेर यायचं का?" भाऊंनी विचारलं.

"कशाला? आतच मागवा, आतच जेवा. उद्यापासून बसा."

"उद्या माझी रजा आहे, साहेब. आईला पेन्शनच्या ऑफिसात न्यायचंय, ती हयात असल्याचा दाखला द्यायला. अर्ज तुमच्याकडेच आहे." भाऊंना स्वतःच्या रजेवर स्वतः ठप्पा मारता येत नसे, त्यांची रजा साहेबांच्या कपाटातल्या वहीत चढायची.

"मग परवापासून," साहेब म्हणाले.

पावणेपाचला भाऊ टेबलावरचं सामान खोक्यात भरत होते. समोर सावली पडली. जावकराव उभे होते. त्यांनी न बोलता कागद ठेवला. उद्या एक दिवस रजा. कारण घरगुती.

हात खोक्यावरून उचलून भाऊ सावकाश बसले. यादी खणात होती. त्यांनी श्वास भरून घेतला, अगदी तळापासून, पोट कण्याला नेलं आणि जावकरावांच्या डोळ्यांत बघितलं. या वेळी व्यायाम नव्हता. त्यांना ते एक उत्तर काढून घ्यायचं होतं.

दहा झाले. जावकरावांनी आपली खुर्ची ओढली, समोर बसले आणि तेही बघत राहिले. पंधरा. वीस. आवकबाई वही छातीशी धरून उभ्या राहिल्या. सव्वीसला भाऊंच्या कानात शिट्टी वाजायला लागली. जावकरावांचा चेहरा रागावलेला नव्हता, तो नुसता दमलेला होता, गालसुद्धा उतरले होते, आणि ते बघणं भाऊंना दम कोंडण्यापेक्षा जड गेलं. बत्तीसला सगळं फुटलं.

"मी पोटाचा व्यायाम करत होतो," भाऊ खोकत खोकत म्हणाले. "पाठीसाठी. डब्याच्या वेळीही तेच. तू हसशील म्हणून सांगितलं नाही. यादीबिदी काही नाही रे. म्हणजे यादी आहे. ती मी केलीय. तुझी." आणि खण उघडून त्यांनी एकोणीस तारखांचा कागद स्वतःच पुढे केला.

जावकरावांनी चष्मा लावून कागद वाचला. एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही बघ, आठव्या वर्षीची. आधीच्या दिवशी ठरलं होतं. पण तुझ्या आईचा गुडघा धरला, म्हणून एक दिवस पुढे ढकललं."

"माझ्या आईचा?" भाऊ म्हणाले.

"दरवर्षी तू तिला दाखल्याला नेतोस तो दिवस. तुला कुठून दिसणार, तुझी रजा साहेबांच्या वहीत." जावकरावांनी कागदाची घडी घातली. "त्या दिवशी समोरची खुर्ची रिकामी असते. पहिल्या वर्षी आलो होतो मी. डबा उघडला आणि तसाच बंद केला. मला एकट्यानं जेववत नाही रे. अर्जात काय लिहू हे? घरगुती लिहितो."

मंजूरभाऊंनी खोक्यात भरलेला शिक्का बाहेर काढला.

"पंधरा दिवस पंपघरात बसून डबा परत नेतोय," जावकराव पुढे म्हणाले. "बायकोला संशय आलाय की मी बाहेर कुठेतरी जेवतो. काल तिनं शर्टाचा वास घेऊन बघितला."

भाऊंनी अर्जावर ठप्पा मारला. तो नेहमीपेक्षा जोरात बसला, कारण डोळ्यांत पाणी आल्याने नेम चुकला आणि शिक्का निम्मा टेबलावर उमटला. मग ते उठून तडक साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, ती कोपऱ्यातली खोली नको."

"का?"

सहा आठवड्यांत खरं बोलण्याची साथच पसरली होती, आता भाऊंनाही लागली. "दार लावून एकट्यानं जेवायला मला जमणार नाही," ते म्हणाले.

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले, बराच वेळ. हेही पोट ओढतायत की काय, अशी भाऊंना शंका आली. पण साहेबांनी टेबलाच्या खालच्या खणातून आपला डबा काढला. अकरा वर्षं ते त्या खोलीत दार लावून जेवत होते.

"मलाही जमत नाही," साहेब म्हणाले. "पण मला कुणी विचारलंच नाही कधी."

आता समोर उभा राहून माणूस काय करणार? भाऊंनी त्यांना जेवायला बाहेर येता का म्हणून विचारलं.

एक दिवस रजेचा गेला. त्यानंतरच्या दिवशी डब्याच्या वेळी दोन टेबलं जोडली गेली आणि साहेब आपली खुर्ची स्वतः उचलून बाहेर आले. सबंध ऑफिस चिडीचूप झालं. मंजूरभाऊंनी सकाळीच सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकलं होतं, बेंबीसकट, शर्ट वर करून पट्टा कुठे असतो ते दाखवूनही. पण कुणाचाही विश्वास बसला नव्हता. आता साहेबच त्या टेबलाशी बसलेले बघून तर यादीबद्दलची उरलीसुरली शंकाही फिटली.

"म्हणजे यादी साहेबांकडे होती," नकाशेकाका आवकबाईंना म्हणाले. "जेवता जेवता बघणार आता एकेकाकडे."

साहेबांना भूक चांगली लागली होती. त्यांनी न विचारता जावकरावांच्या डब्यातली भाजी वाढून घेतली, मग आणखी घेतली, आणि त्यांच्या लहानपणी विहिरीत पडलेल्या बैलाला त्यांनी एकट्याने कसं बाहेर काढलं ती हकीकत सुरू केली. बैल दोन मिनिटांत बाहेर आला, पण हकीकत काही संपेना.

जावकराव भाऊंच्या कानाकडे झुकले. "बैल खोटा," ते पुटपुटले, "विहीर खरी असेल."

"गप जेव," भाऊ म्हणाले.

मागच्या टेबलांवर सगळे एकमेकांच्या कानाला लागले होते आणि या तिघांकडे चोरून बघत होते. भाऊंनी तिकडे लक्ष दिलं नाही. दीड महिन्यानंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याबद्दल न कुजबुजता त्यांच्याशी कुजबुजलं होतं. त्यांनी जावकरावांच्या डब्यातली उरलेली भाजी, साहेबांचं लक्ष नाही असं बघून, आपल्या डब्यात ओढून घेतली.